मैत्रीचा हिशेब : बाबासाहेब, ‘सीटो’ आणि आशियातील संरक्षण-करार

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे अभ्यासशिबिर होते. मला राज्यघटनेवर बोलायचे होते. व्याख्यान संपल्यावर बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या हातात दोन पत्रके होती. एकात लिहिले होते की, चीनपासूनचा धोका बाबासाहेबांनी आठ वर्षे आधीच ओळखला होता, म्हणून ते द्रष्टे. दुसऱ्यात लिहिले होते की, बाबासाहेबांनी अमेरिकेच्या लष्करी कराराची बाजू घेतली, म्हणून परराष्ट्रकारणात ते साम्राज्यवाद्यांच्या गोटात होते. मुलाने विचारले, “सर, यातले खरे कोणते धरायचे?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. वेळ संपला असे सांगून मी खाली बसलो. शिक्षकाने असे खाली बसणे बरे नव्हे. घरी येऊन मी बाबासाहेबांचे १९५१ चे राजीनाम्याचे निवेदन आणि २६ ऑगस्ट १९५४ चे राज्यसभेतील भाषण पुन्हा वाचून काढले. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आधी एक कबुली दिली पाहिजे. घटनाकार बाबासाहेब, महाडचे बाबासाहेब, नागपूरच्या दीक्षाभूमीवरचे बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. परराष्ट्रकारणावर बोलणारे बाबासाहेब मात्र आपण वाचलेले नाहीत. १४ एप्रिलच्या व्याख्यानमालेत हा विषय मी कधी ऐकला नाही. जणू परराष्ट्रकारण म्हणजे दिल्लीतील वरच्या वर्गाची मिरास, आणि आपला संबंध फक्त सीमेवर पोरे पाठवण्यापुरता! बाबासाहेबांना ही वाटणी मान्य नव्हती.

१९५४ साल

१९४९ साली चीनमध्ये माओची राजवट आली. शंभर वर्षे परकीयांनी तुडवलेला हा देश उभा राहिला आणि उभा राहताच शेजाऱ्यांना त्याची सावली जाणवू लागली. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले. त्याच वर्षी ते कोरियात अमेरिकेच्या सैन्याला भिडले. मे १९५१ मध्ये तिबेटला सतरा कलमी करार स्वीकारावा लागला. दुबळ्या देशाने बळाखाली केलेल्या सहीची किंमत काय असते, हे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवलेल्यांच्या नातवंडांना वेगळे सांगायला नको.

या उगवत्या सत्तेशी कसे वागायचे, याची दोन उत्तरे आशियापुढे आली. पहिले दिल्लीचे. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग येथे भारत-चीन करार झाला. त्यात तिबेट हा चीनचा प्रदेश म्हणून मान्य झाला आणि प्रस्तावनेत परस्पर-आदराची पाच तत्त्वे घातली गेली. त्यांनाच पंचशील म्हणू लागले. जूनमध्ये चौ एन लाय दिल्लीला आले आणि भाई-भाईच्या घोषणा झाल्या.

दुसरे उत्तर वॉशिंग्टनचे. १९५१ साली अमेरिकेने फिलिपाईन्सशी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि जपानशी संरक्षणाचे करार केले. १९५३ साली दक्षिण कोरियाशी केला. मे १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला. त्याच महिन्यात दिएन बिएन फू येथे व्हिएतनामी सैनिकांनी फ्रेंचांचा पराभव केला, आणि जुलैमध्ये जिनीव्हा येथे व्हिएतनामचे दोन तुकडे झाले. मग ८ सप्टेंबर १९५४ रोजी मनिला येथे आठ देशांनी आग्नेय आशियाच्या सामुदायिक संरक्षणाच्या करारावर सह्या केल्या. त्यातून उभी राहिलेली संघटना म्हणजे ‘सीटो’. बाबासाहेबांचे राज्यसभेतील भाषण या सह्यांच्या तेरा दिवस आधीचे आहे. ही तारीख ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या वादात ती महत्त्वाची आहे.

बाबासाहेबांचा मुद्दा

बाबासाहेबांचा युक्तिवाद १९५४ साली सुरू होत नाही. तो १९५१ च्या राजीनाम्यापासून सुरू होतो. हिंदू कोड बिल आणि मागासवर्गीयांची उपेक्षा ही राजीनाम्याची कारणे आपल्या तोंडपाठ आहेत. पण त्याच निवेदनात परराष्ट्रधोरण हेही एक कारण आहे, आणि ते त्यांनी आकड्यांत मांडले आहे. सरकारचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी रुपये, आणि त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. हा प्रचंड खर्च का? तर वेळ आली असता धावून येईल असा एकही मित्र आपण जोडलेला नाही, म्हणून संरक्षणाचा सगळा भार एकट्याने उचलावा लागतो.

वाचकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. परराष्ट्रधोरणावर टीका करणारे त्या काळी पुष्कळ होते. कोणी धर्माच्या अंगाने बोलत होता, कोणी राष्ट्राच्या अभिमानाने, कोणी मॉस्कोच्या किंवा वॉशिंग्टनच्या प्रेमाने. बाबासाहेब मात्र वहीतला जमाखर्च उघडतात. लष्करावर गेलेला रुपया म्हणजे शाळेवर, विहिरीवर, जमिनीवर न गेलेला रुपया. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी परराष्ट्रकारण गरिबाच्या बाजूने वाचत होता.

१९५४ च्या भाषणात त्यांनी नेहरूंच्या धोरणाची तीन सूत्रे सांगितली : शांतता, साम्यवाद आणि स्वतंत्र लोकशाही यांचे सहअस्तित्व, आणि सीटोला विरोध. मग एकेक सूत्र तपासले. शांतता हवीच, पण ती कोणत्या किमतीला? देशांचे तुकडे पाडून आणि दुबळ्या राष्ट्रांचा बळी देऊन विकत घेतलेली शांतता ही कसली शांतता, असा त्यांचा सवाल होता. पूर्व युरोपात रशियाने काय काय गिळले, याची यादीच त्यांनी सभागृहापुढे ठेवली. साम्यवादाला त्यांनी वणव्याची उपमा दिली. तिबेटबद्दल त्यांचे म्हणणे असे की, ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची हद्द आपल्या दारापर्यंत आणायला मदतच केली आहे. आज आक्रमण झाले नाही म्हणून उद्या होणारच नाही, असे समजणे त्यांना पोरकटपणाचे वाटत होते. आणि सीटो? ती कोणावर आक्रमण करण्यासाठी नसून स्वतंत्र देशांवरील आक्रमण रोखण्यासाठी आहे, मग तिच्याशी एवढे वैर कशाला, असे त्यांनी विचारले.

पंचशीलावर त्यांचा घाव सर्वांत खोल होता. आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी पंचशील म्हटले जाते. लहानपणी मला वाटे की, नेहरू आणि चौ एन लाय यांनीही तेच पाच शील घेतले असतील! बाबासाहेबांचा बुद्ध धम्माचा अभ्यास तेव्हा पूर्णत्वाला येत होता. त्यांनी बजावले की, पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे. माओची त्यावर खरोखर श्रद्धा असती, तर त्याने आपल्या देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते. शील हे आचरणाने सिद्ध होते. करारनाम्याच्या मथळ्यावर घातल्याने सिद्ध होत नाही.

सीटो प्रत्यक्षात काय होती

येथपर्यंत आपल्याला सर्व गोड वाटते. आता अवघड भाग येतो.

मनिलाला सह्या करणारे आठ देश म्हणजे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपाईन्स. नाव आग्नेय आशियाचे, पण आग्नेय आशियातले देश दोनच! भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि इंडोनेशिया बाहेर राहिले. थायलंड आणि फिलिपाईन्स यांची भीती खोटी नव्हती. १९५३ साली चीनने युनानमध्ये ताई लोकांसाठी स्वायत्त प्रदेश स्थापन केला, तेव्हा उद्या हेच निमित्त आपल्यावर येईल असे बँकॉकला वाटले. लहान देशाने मोठ्या शेजाऱ्याला भ्यावे आणि लांबचा मोठा मित्र शोधावा, यात गैर काही नाही. गावकीचा जाच सोसणारा माणूसही तालुक्याच्या कचेरीत ओळख शोधतो.

पण हा मित्र कसा होता? ज्या ब्रिटनच्या ताब्यात मलाया आणि सिंगापूर होते, जो फ्रान्स काही आठवड्यांपूर्वीपर्यंत व्हिएतनाममध्ये लढत होता, तेच आशियाच्या स्वातंत्र्याचे राखणदार म्हणून सह्या करत होते. करारातील शब्दही तोलून-मापून घातलेले होते. युरोपातील ‘नाटो’च्या करारात एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला असे मानले आहे. मनिलाच्या करारात मात्र प्रत्येक देशाने आपापल्या घटनात्मक रीतीप्रमाणे पाऊल उचलावे एवढेच आहे. सीटोचे कायमचे सैन्य कधी उभे राहिले नाही. बँकॉकला कचेरी होती, बैठका होत, कवायती होत. शिवाय अमेरिकेने करारातच नोंदवून ठेवले की, आक्रमण साम्यवादी असेल तरच आपण बांधील. म्हणजे कोणाच्या भीतीला भीती म्हणायचे, हेही बलवान मित्रच ठरवणार.

या मित्राचा आणखी एक नमुना मराठी माणसाने विसरू नये. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर संयुक्त निवेदन काढले. त्यात गोव्याचा समावेश पोर्तुगालच्या ‘प्रांतां’त होता. पोर्तुगाल नाटोचा सभासद होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्याच्या सीमेवर सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले होते. स्वतंत्र जगाच्या व्याख्येत सालाझार बसत होता, गोवेकर बसत नव्हते.

१९६२ आणि त्यानंतर

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने नेफा आणि लडाख या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जवळपास सहा वर्षे झाली होती. १९४१ साली ज्या महार रेजिमेंटच्या उभारणीसाठी ते झगडले, तिच्या मशीनगन तुकड्या नेफातील नामका चू येथेही होत्या आणि लडाखमध्येही होत्या. अपुऱ्या कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यावर जवान लढले. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे पाठवून लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रन मागितली. अलिप्ततेचे उद्गाते एका रात्रीत मित्र शोधत होते. जो प्रश्न १९५१ साली सवडीने विचारायला हवा होता, तो १९६२ साली घाईने, हरताना विचारला गेला.

आणि पैशाचे काय झाले? १९६१-६२ साली संरक्षणावर सुमारे ३०० कोटी खर्च होत होते. १९६३-६४ साली हा आकडा ८०० कोटींच्या पुढे गेला. माझे आजोबा तेव्हा मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. संरक्षण निधीला एक दिवसाचा पगार दिल्याची आठवण ते सांगत. ज्याला महिन्यातून बारा दिवस काम मिळे, त्याचा तो एक दिवस होता. देशासाठी दिला याचा त्यांना अभिमान होता. तो अभिमान मी कमी लेखत नाही. पण चूक करणारे कोण आणि भरणारे कोण, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा चीनबद्दल आणि तिबेटबद्दल बाबासाहेबांचे निदान अचूक ठरले. सीटोबद्दलची त्यांची अपेक्षा मात्र इतिहासाने पुरी केली नाही. पाहा : चीनला अडवण्यासाठी उभारलेल्या या संघटनेच्या एका सभासदाने, पाकिस्तानने, मार्च १९६३ मध्ये चीनशीच सीमाकरार केला आणि काश्मीरचा शक्सगाम हा भाग चीनचा म्हणून मान्य केला. पाकिस्तानने शस्त्रे घेतली ती भारताकडे बघून. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सीटो त्याच्याही मदतीला आली नाही. मग पाकिस्तान बाहेर पडला. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने युद्धाला आधार म्हणून याच कराराकडे बोट दाखवले, पण ब्रिटन, फ्रान्स आणि पाकिस्तान यांनी तेथे फौजा पाठवल्या नाहीत. ३० जून १९७७ रोजी सीटो विसर्जित झाली. तिच्यासाठी कोणी रडले नाही.

व्हिएतनामच्या त्या युद्धाचा हिशेब दुसऱ्या एका माणसाने मांडला आहे. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाईड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग म्हणाले की, गरिबांसाठी ठेवलेला पैसा हे युद्ध शोषून घेत आहे आणि काळी पोरे आपल्या संख्येच्या मानाने अधिक मरत आहेत. बाबासाहेब म्हणाले, मित्र नाहीत म्हणून गरिबाचा पैसा लष्करावर जातो. किंग यांनी दाखवले की, मित्रांच्या नावाने चाललेल्या लढाईतही गरिबाचाच पैसा जातो. निष्कर्ष वेगळे दिसतात, पण दोघांनी उघडलेली वही एकच आहे.

भक्ती आणि हिशेब

कोणी म्हणेल, बाबासाहेबांचा अंदाज एका बाबतीत चुकला असे आपल्याच नियतकालिकात कशाला लिहायचे? मी म्हणतो, आपणच लिहिले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत त्यांनीच बजावले होते की, राजकारणातील भक्ती ही अधोगतीची वाट आहे. सह्या होण्यापूर्वी तेरा दिवस त्यांनी सीटोच्या घोषित हेतूवर विश्वास ठेवला. पुढची तेवीस वर्षे त्यांच्यापुढे नव्हती, आपल्यापुढे आहेत. ती न पाहता त्यांचे वाक्य मंत्रासारखे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. आणि ज्या मंडळींनी १९६२ नंतरही नेहरूंच्या चुकीचा नीट जाब घेतला नाही, त्यांनी सीटोच्या एका वाक्यावरून बाबासाहेबांना साम्राज्यवाद्यांचे हस्तक ठरवावे, हा तर शुद्ध कांगावा आहे.

बाबासाहेबांचे उत्तर जुने झाले असेल, पण त्यांचा प्रश्न जुना झालेला नाही. संकटात आपल्याबरोबर कोण उभे राहील, हा तो प्रश्न. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार केला. त्याच्या नवव्या कलमात एकावर हल्ला झाला वा हल्ल्याची भीती निर्माण झाली, तर तत्काळ विचारविनिमय करण्याची तरतूद होती. भरवशाचा मित्र हवा हे बाबासाहेबांचे म्हणणे वीस वर्षांनी दिल्लीला पटले. पण मित्र मिळाला तो त्यांना ज्याचा कधी विश्वास वाटला नाही तो! इतिहास असा उपरोधिक असतो.

आज पुन्हा तोच डाव मांडला आहे. २००४ च्या डिसेंबरमधील सुनामीनंतर मदतकार्यासाठी भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया एकत्र आले. २००७ साली त्याला राजकीय रूप देण्याचा प्रयत्न झाला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने अंग काढून घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘क्वाड’ या नावाची ही चौकडी पुन्हा बसली, आणि तीही मनिलालाच. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी चारही देशांची आरमारे ‘मलबार’ कवायतीत एकत्र उतरली. क्वाडमागे संरक्षणाचा करार नाही, म्हणून कोणी कोणासाठी लढायला बांधील नाही. गलवाननंतरही चीनशी आपला व्यापार वाढतच गेला आणि २०२१ पासून वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या पुढे राहिला. शत्रू, ग्राहक आणि शेजारी अशी तिन्ही नाती एकाच दाराशी उभी आहेत. पत्रकातल्या दोन ओळींनी त्यांचा निकाल लागणार नाही.

२०२४-२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख २१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. देशाला संरक्षण नको असे मी म्हणत नाही. बाबासाहेबही तसे म्हणाले नव्हते. पण शिष्यवृत्ती वेळेवर न आल्यामुळे बाकावरून उठून जाणारी मुले मी दर वर्षी पाहतो. त्यांना हा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. मैत्रीचा कोणताही करार पुढे आला की त्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. भीती कोणाची आहे आणि ती कोणी ठरवली? संकटात कोण येईल आणि तसे कागदावर लिहिले आहे काय? या सौद्यात तिबेटसारखा एखादा दुबळा, ज्याला कोणी विचारलेच नाही, बळी जातो आहे काय? आणि शेवटी, या मैत्रीने गरिबाच्या डोक्यावरचे ओझे उतरते की वाढते?

शिबिरातल्या त्या मुलाला मी आता एवढेच सांगेन. बाबा रे, दोन्ही पत्रके अर्धी आहेत. तू मूळ भाषण वाच, राजीनाम्याचे निवेदन वाच, मग १९६२ वाच आणि १९७७ ही वाच. त्यानंतर तुझे उत्तर माझ्यापेक्षा वेगळे निघाले, तर पुढच्या शिबिरात उभा राहून सांग. या वेळी मी खाली बसणार नाही.